क्लाउड क्रीक धरण क्र. १

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील मातीचे छोटे पूरनियंत्रक धरण. ते वॉशिता काउंटीत कॉर्डेल गावाजवळ असून जुलै १९४८ मध्ये पूर्ण झाले. केंद्र सरकारच्या मृद्‌संधारण खात्याने पाणलोट कार्यक्रमाखाली बांधलेले हे देशातील पहिले धरण होय. एप्रिल १९३४ मध्ये वॉशिता नदीच्या पुरात हॅमन येथे १७ माणसे दगावली. मुख्य नदीवर एकच मोठे धरण न बांधता वरच्या ओढ्यांवरच पाणी थोपवावे, ही कल्पना पुढे रुजली. १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्याने त्यासाठी ११ खोरी निवडली. वॉशिता त्यांपैकी एक. ओक्लाहोमात आता अशी २,१०७ धरणे असून ही संख्या इतर कोणत्याही राज्यापेक्षा जास्त आहे.

या धरणांचा आकार आपल्याकडील पाझर तलावासारखाच लहान, पण काम निराळे. तळाची जागा गाळासाठी आणि वरची पुरासाठी मोकळी ठेवलेली असते. ठरावीक पातळीवर चढलेले पाणी भरावाखालच्या नळातून आपोआप व सावकाश उतरते. त्याला दरवाजे नसतात. त्याहून जास्त आलेले पाणी बगलेच्या गवताळ सांडव्यातून निघून जाते.

सुरक्षिततेसाठी धरणांचे कमी, लक्षणीय आणि उच्च धोका असे तीन वर्ग करतात. येथे नेहमी गफलत होते. ‘उच्च धोका’ म्हणजे धरण मोडकळीस आले आहे असे नव्हे; ते फुटलेच तर खाली माणसे दगावण्याचा संभव आहे, एवढाच त्याचा अर्थ. भक्कम धरण उच्च वर्गात आणि जीर्ण धरण कमी वर्गात असू शकते. लक्षणीय वर्गात जीवितहानीचा संभव नसतो, परंतु रस्ते, घरे, सार्वजनिक सोयी यांचे नुकसान होऊ शकते. कमी वर्गात ते बहुधा शेतापुरते राहते. वर्ग ठरवताना धरण फुटले असे गृहीत धरून पाणी कुठवर पसरेल याचा नकाशा काढतात. उच्च वर्गातील धरणाची तपासणी दरवर्षी, लक्षणीयची तीन वर्षांनी आणि कमी वर्गाची पाच वर्षांनी व्हावी, असा राज्याचा दंडक आहे. उच्च वर्गासाठी आपत्कालीन कृती आराखडाही लागतो.

खरी अडचण भरावाच्या खालच्या अंगाला असते. बहुतेक धरणे विरळ वस्तीच्या शेतजमिनीच्या वर, कमी धोका धरून बांधली गेली. पूर थांबल्याने खालची जमीन निर्धास्त वाटू लागली आणि तेथे घरे उठली. धरण तेच राहते, वर्ग मात्र चढतो, आणि जुना सांडवा नव्या निकषाला अपुरा पडतो. त्यात अनेक धरणांचे ५० वर्षांचे नियोजित आयुष्य संपले आहे. लोखंडी नळ गंजतात, गाळ साचतो, भरावावर झाडे वाढतात, प्राणी बिळे करतात.

२००० च्या कायद्यानुसार पुनर्बांधणीचा ६५ टक्के खर्च केंद्र सरकार देते. रोजची देखभाल मात्र स्थानिक मृद्‌संधारण जिल्हा नावाच्या संस्थांनाच करावी लागते.