गोधडीतला धूर

आपल्या वर्धा जिल्ह्यात कपाशीचे झाड गृहिणीच्या वाट्याला तीन रूपांनी येत आले आहे. बोंडातल्या कापसाचे लुगडे होते, वाळलेली पऱ्हाटी चुलीत जाते आणि मागे राख उरते. लुगडे विरले म्हणजे त्याची गोधडी शिवावयाची. चुलीचा धूर त्या गोधडीत शिरावयाचा, आणि तो काढण्यास पूर्वी चुलीतलीच राख कामी यावयाची. या साध्या व्यवहारामागचा इतिहास भगिनींनी जाणून घेण्यासारखा आहे.

जुन्या घरांतून चूल, अंथरूण व चिंध्यांचे गाठोडे एकमेकांपासून फार दूर नसत. धूर कवेलूंच्या फटींतून सावकाश बाहेर पडे, आणि तोवर घरभर फिरे. पऱ्हाट्या, तुराट्या वा गोवऱ्या यांच्या धुरात काजळीबरोबर डांबरासारखे चिकट पदार्थ व फिनॉल जातीची द्रव्ये असतात. सुती धागा ती धरून ठेवतो. म्हणून कापड नुसते पाण्यातून काढल्याने वास जात नाही. राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार असतो. त्याच्या पाण्याने चिकटपणा सुटतो, आणि वास देणाऱ्या द्रव्यांपैकी बरीचशी पाण्यात विरघळून निघून जातात.

रीत अशी. जुने कापड प्रथम झटकून वाऱ्यावर टाकावयाचे. राख पाण्यात कालवून, निवळू देऊन, वरचे पाणी फडक्यातून गाळून घ्यावयाचे. त्यात कापड भिजवून उकळावयाचे, मग नदीवर आपटून भरपूर पाण्यात धुवावयाचे व उन्हात वाळवावयाचे. हे सर्व गोधडी शिवण्यापूर्वीच करणे शहाणपणाचे. कारण थरावर थर घालून टाके पडले की आतला धूर सहजासहजी निघत नाही. रेशीम व लोकर यांना मात्र क्षार सोसत नाही. त्यांच्यासाठी रिठ्याचे पाणी असे.

परीट, ज्यांना आपल्याकडे वरठी असेही म्हणतात, ते खारी माती किंवा सोडा वापरून भट्टी लावीत. असा क्षार विदर्भात लोणारच्या सरोवरातून निघत असे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलाने ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाडचे वर्णन करताना, काच व साबण करण्यास लागणारी द्रव्ये तेथे मिळतात, अशी नोंद केली आहे. पुढे १८८८ साली विलायतेहून सनलाइट साबणाच्या वड्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. तेथून वडीचा साबण हळूहळू घरोघर पोचला, आणि राखेचे पाणी मागे पडले.

येथवरचा इतिहास धूर धुऊन काढण्याचा झाला. धूर होऊच नये यासाठीचे एक काम मात्र आपल्या वर्ध्यातच झाले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष व जे. सी. कुमारप्पा चिटणीस होते. जमनालाल बजाज यांनी आपली बाग व बंगला संघाला दिला, आणि मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या जागेस मगनवाडी हे नाव पडले. तेथे साबण करण्याचा उद्योग चाले. रॉकेलच्या काजळीला उत्तर म्हणून वनस्पती तेलावर जळणारा ‘मगन दीप’ निघाला, आणि १९४० च्या दशकात धूर धुरांड्यावाटे बाहेर नेणारी मातीची ‘मगन चूल’ तयार झाली. गावच्या बाईला आपल्या हातांनी लिंपता येईल अशा वस्तूवर तेथे विचार झाला, हे विशेष होय. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय वर्ध्यात आजही पाहावयास मिळते.

त्यानंतर सरकारने १९८३ ते २००२ या काळात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालविला, आणि १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू होऊन गॅसची जोडणी खेड्यापाड्यांत गेली. तथापि सिलिंडर घरी असूनही अंघोळीचे पाणी परसातल्या चुलीवर तापते, अशी घरे अद्याप पुष्कळ आहेत. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत पाच वर्षांखालील २ लाखांहून अधिक बालके होती.

कापडातला धूर राखेने, सोड्याने, साबणाने निघतो. छातीत गेलेला धूर धुता येत नाही. आपल्या आज्यांचे डोळे चुलीपुढे चुरचुरत, आणि तो खोकला व ते पाणावलेले डोळे बाईच्या जन्माला लागलेलेच आहेत असे समजले जाई. म्हणून एवढीच विनंती करावीशी वाटते की, शिवणाच्या कामी कुणा भगिनीने जुने लुगडे आणले व त्याला धुराचा वास आला, तर ते कसे धुवावे हे तिला अवश्य सांगावे, पण त्याबरोबरच, “बाई, तुझ्या घरी चूल कुठे आहे आणि धूर कुठून जातो?” हेही विचारावे.