गिटार अ‍ॅम्पसमोर माइक नेमका कुठे ठेवायचा? दोन इंचांत आवाज कसा बदलतो, समजून घ्या

खोलीत अ‍ॅम्प सुरू केला की गिटारचा आवाज एकदम भारी वाटतो. तोच रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकला, की पत्र्याच्या डब्यात मधमाशी अडकल्यासारखा. मग पेडल बदललं जातं, गिटार बदलली जाते आणि शेवटी महागडा माइक घेतला जातो. पण बऱ्याचदा चूक माइकची नसते, त्याच्या जागेची असते.

असं का होतं?

आपण अ‍ॅम्पपासून लांब उभे असतो. स्पीकर बहुतेक वेळा गुडघ्याच्या उंचीवर असतो आणि आपले कान वर. स्पीकरचा तीक्ष्ण आवाज समोरच्या दिशेला सरळ जातो, त्यामुळे तो आपल्या कानांपर्यंत कमी पोहोचतो. माइक मात्र थेट स्पीकरच्या तोंडाशी असतो. त्याला जे ऐकू येतं, ते आपण कधी ऐकलेलंच नसतं.

माइक कोणता निवडायचा?

डायनॅमिक: मजबूत आणि मोठा आवाज सहज झेलणारा. 1965 मध्ये आलेला शुअर एसएम57 आजही जगभरातल्या स्टुडिओंत अ‍ॅम्पसमोर दिसतो. सुरुवात यानेच करा.

रिबन: आत धातूची अतिशय पातळ पट्टी असते. आवाज मऊ येतो, टोचत नाही. हा पुढून आणि मागून दोन्हीकडून ऐकतो, त्यामुळे खोलीचा आवाजही येतो. साध्या रिबन माइकला 48 व्होल्टची फँटम पॉवर लागत नाही. केबल सदोष असेल तर त्याच पॉवरमुळे पट्टी खराब होऊ शकते, म्हणून ती बंद ठेवा.

कंडेन्सर: बारकावे छान टिपतो. थोडा लांब ठेवून खोलीचा आवाज घ्यायला उपयोगी. याला मात्र पॉवर लागते.

जागा कशी ठरवायची?

जाळीवर टॉर्च मारा, आतला स्पीकर दिसेल. मधोमध जी गोल टोपी असते, तिच्यासमोर आवाज सर्वांत धारदार येतो. माइक कडेकडे सरकवला की तो मऊ आणि जाड होत जातो. टोपीची कड जिथे कागदी कोनाला मिळते, तिथून सुरुवात करा. जाळीपासून अंतर साधारण एक इंच.

माइक जितका जवळ, तितका खर्ज जास्त. एसएम57सारख्या एकाच दिशेने ऐकणाऱ्या माइकचा हा गुणच आहे. आवाज घुमतोय असं वाटलं तर इक्वलायझरला हात लावण्याआधी माइक दोन-चार इंच मागे घ्या.

दोन माइक म्हणजे दुप्पट चांगलं?

नाही. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. एक माइक दुसऱ्यापेक्षा 17 सेंटीमीटर मागे असेल, तर त्याच्याकडे आवाज अर्ध्या मिलिसेकंदाने उशिरा पोहोचतो. दोन्ही ट्रॅक सारख्या पातळीवर एकत्र केले, की 1000 हर्ट्झच्या आसपासचा आवाज एकमेकांना खोडून टाकतो. गिटारचा जीवच निघून जातो.

उपाय सोपा आहे. दोन्ही माइक स्पीकरपासून सारख्या अंतरावर ठेवा. मग एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करून ऐका. आवाज अगदी पातळ, जवळपास नाहीसा झाला, तर माइक बरोबर जुळले आहेत. पोलॅरिटी पुन्हा सरळ करा आणि रेकॉर्ड करा.

घरी करताना

एकाने वाजवायचं, दुसऱ्याने हेडफोन लावून माइक सरकवायचा. एकटेच असाल तर प्रत्येक जागी तीच दहा सेकंदांची ओळ वाजवून तुलना करा. मोठ्या आवाजात स्पीकरजवळ कान मात्र नेऊ नका. मीटरवर सर्वांत मोठा आवाज उणे 10 डेसिबलच्या आसपास राहू द्या. आवडलेली जागा सापडली की जमिनीवर आणि जाळीच्या चौकटीवर चिकटपट्टीने खूण करा, फोटोही काढून ठेवा. उद्या पुन्हा तोच आवाज हवा असेल तर हीच खूण कामाला येते.

एक शेवटची गोष्ट. एकटा ऐकताना जो आवाज भरदार वाटतो, तो ड्रम्स आणि बेससोबत बऱ्याचदा गढूळ होतो. म्हणून जागा पक्की करण्याआधी पूर्ण गाणं लावून ऐका. नवीन माइकसाठी पैसे मोजायच्या आधी अर्धा तास जुना माइक सरकवून बघा. त्याला एक रुपयाही लागत नाही.