कॉर्नर प्लॉटच्या भिंतीवरून भांडणं का होतात? नियम नेमका काय आहे?

बंगल्यांच्या जवळपास प्रत्येक वसाहतीत एक असं वळण असतंच, जिथे गाडी वळवताना हॉर्न वाजवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कोपऱ्यावरच्या घराची भिंत डोक्याएवढी असते, तिच्यावर बोगनवेल चढलेली असते आणि पलीकडून कोण येतंय याचा अंदाज फक्त आवाजावरून घ्यावा लागतो. मग कधीतरी एखादी स्कूटी घसरते, एखादं पोर सायकलवरून पडतं आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटतो. 'भिंत उतरवा' असं एका बाजूचं म्हणणं असतं. 'माझ्या जागेत माझी भिंत, गाड्या हळू चालवा' असं दुसऱ्या बाजूचं.

दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे. पण या वादाचं उत्तर महाराष्ट्राच्या बांधकाम नियमावलीत आधीच लिहून ठेवलेलं आहे आणि भांडणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते वाचलेलं असतं.

अडीच फूट आणि तेहतीस फूट

मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडली, तर राज्यात डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली लागू आहे. तिला 'युडीसीपीआर' म्हणतात, म्हणजे एकत्रीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली. तिच्यानुसार घरासमोरची कंपाउंडची भिंत जास्तीत जास्त १.५ मीटर, म्हणजे साधारण पाच फूट असू शकते. ही उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजायची. वरचा ०.९ मीटरचा भाग आरपार दिसेल असा, म्हणजे जाळीचा किंवा ग्रिलचा ठेवला, तर एकूण उंची २.४ मीटरपर्यंत नेता येते.

कोपऱ्यावरच्या प्लॉटला मात्र वेगळा नियम आहे. जिथे दोन रस्ते मिळतात, त्या कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना १० मीटरपर्यंत भरीव भिंत फक्त ०.७५ मीटर, म्हणजे अडीच फूट ठेवायची. त्यावर आणखी ०.७५ मीटर उंची हवी असेल, तर ती ग्रिलची. राष्ट्रीय बांधकाम संहितेतही हेच आकडे आहेत, त्यामुळे राज्याबाहेरच्या अनेक शहरांतही असाच नियम दिसतो.

हे आकडे आले कुठून? भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत कार चालवणाऱ्याच्या डोळ्यांची उंची १.२ मीटर धरतात. म्हणजे पाच फुटी भिंत त्याच्या नजरेच्या वर जाते आणि अडीच फुटी भिंत बरीच खाली राहते. शाळेत जाणारं सहा-सात वर्षांचं मूल पाच फुटी भिंतीआड पूर्ण लपतं. अडीच फुटी भिंतीवरून त्याचं डोकं आणि खांदे दिसतात.

आता वेगाचा हिशेब बघा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर अंतर कापते. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंतचा वेळ ही मानकं अडीच सेकंद धरतात. तेवढ्यात गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते आणि पूर्ण थांबेपर्यंत ४५ मीटर लागतात. ताशी ३० ला हेच अंतर ३० मीटरवर येतं. यावरून एक गोष्ट कबूल करावी लागते. दहा मीटरची मोकळी नजर फक्त सावकाश चालणाऱ्या गाडीला उपयोगाची आहे. भिंत उतरवली तरी गतिरोधकाची गरज संपत नाही. 'गाड्या हळू चालवा' म्हणणारा घरमालक तेवढ्यापुरता बरोबर असतो.

घरमालकाची अडचणही खरी आहे

तीस बाय चाळीसचा, बाराशे चौरस फुटांचा प्लॉट घ्या. दहा मीटर म्हणजे ३३ फूट. म्हणजे तीस फुटी बाजू पूर्ण आणि चाळीस फुटी बाजूचा बहुतांश भाग या नियमात जातो. दोन्ही रस्त्यांवरून अंगण उघडं पडतं. वाळत घातलेले कपडे, खेळणारी मुलं, रात्री चोरांची भीती, कुत्र्यांचा त्रास, सगळं त्याच्याच वाट्याला. कॉर्नरचा म्हणून जास्त पैसे मोजलेल्या माणसाला हे पटणं अवघडच.

त्यात रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात, रस्ता अंगणापेक्षा उंच होतो, पावसाचं पाणी आत येतं आणि माणूस भिंतीवर विटांचे दोन थर वाढवतो. काही ठिकाणी रस्त्याच्या वळणासाठी कोपरा तिरका कापलेला असतो. तो नेमका ईशान्येचा असेल तर वास्तुशास्त्राच्या नावाखाली पुन्हा 'चौकोनी' केला जातो.

ग्रिल हा नियमानेच दिलेला मधला मार्ग आहे. ग्रिलने चोर अडतो, कुत्रं अडतं, नजर अडत नाही. पण बहुतेक ठिकाणी ग्रिल बसवल्यावर वर्षभरात त्याला हिरवी नेट किंवा पत्रा लागतो, नाहीतर मेंदीचं दाट कुंपण वाढतं. कागदावर नियम पाळलेला दिसतो, वळणावर मात्र काहीच दिसत नाही.

तक्रार कुठे करायची?

सोसायटीच्या सभेत ठराव करून भिंतीची परवानगी असलेली उंची वाढवता येत नाही. नियमापेक्षा उंच भिंतीबाबत महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाकडे अर्ज करता येतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ नुसार अनधिकृत बांधकाम काढण्याची नोटीस निघू शकते. मंजूर नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जासोबत फोटो जोडायचा असेल, तर तो उभं राहून न काढता जमिनीपासून चार फुटांवरून काढावा, म्हणजे चालकाला जे दिसतं तेच अधिकाऱ्यालाही दिसेल.

सार्वजनिक रस्त्यावर धोका होत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडेही जाता येतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १३३ होतं. अडथळा झाडाचा असेल, तर कुऱ्हाड उचलण्याआधी महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. शेजाऱ्याने परस्पर फांद्या तोडल्या तर तोच अडचणीत येतो.

अनेक वसाहती बहिर्वक्र आरसा लावून वाद मिटवतात. आरशाचा उपयोग होतो, पण त्यात येणारी गाडी लहान आणि आहे त्यापेक्षा लांब भासते. पावसात आणि रात्री तर तो जवळजवळ निकामी होतो.

आणि एक गोष्ट तक्रार करणाऱ्यांनीही तपासावी. पुष्कळदा भिंत नियमात असते. नजर अडवते ती वळणाला टेकून उभी केलेली चारचाकी, कोपऱ्यावरचा वाढदिवसाचा फ्लेक्स किंवा इस्त्रीची टपरी. चौकाजवळ आणि वळणावर गाडी लावणं वाहतूक नियमांनुसार मना आहे, आणि ती गाडी कधीकधी तक्रारदाराचीच असते.