चवदार तळ्याची जागा कागदावरही आपलीच हवी

पालीवरून जाणारा मुंबई–गोवा महामार्ग उत्तरेला महाडला पोहोचतो. याच वाटेने आपण दर २० मार्चला चवदार तळ्याला अभिवादन करायला जातो. २० मार्च २०२७ म्हणजे सत्याग्रहाची शताब्दी. भाषणे होतील, रोषणाई होईल. आम्ही विचारतो, तळ्याभोवतीच्या जागेचे काय?

इतिहास पाहा. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई इलाख्यातील सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. पण पाणी मिळाले नाही. १९२७ मध्ये बाबासाहेब हजारोंना घेऊन गावातून चालत तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर आपल्या माणसांवर हल्ले झाले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला. डिसेंबरमध्ये सवर्णांनी दावा लावला की हे तळे खासगी, 'चौधरी तळे' आहे. दुसऱ्या परिषदेला जागाही मिळेना. ती फत्तेखान यांनी दिली. तळे नगरपालिकेचे आहे आणि बहिष्काराची रूढी सिद्ध होत नाही, हा उच्च न्यायालयाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडले.

म्हणजे महाडचा लढा पाण्याचा होता, तसाच जागेचाही होता. आणि नुसता ठराव एका बैठकीत मोडता येतो, हे महाडनेच शिकवले.

म्हणून पुतळ्यावर समाधान मानू नका. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ नुसार विकास आराखड्यात ऐतिहासिक स्थळांच्या जतनाची तरतूद करता येते. तळे, क्रांतिस्तंभ आणि त्यांना जोडणारी सत्याग्रहाची वाट असा सगळा परिसर वारसा म्हणून नोंदवता येतो. मग आजूबाजूच्या बांधकामाची उंची, जाहिरात फलक, मोकळी जागा यांना नियम लावता येतात. ही तरतूद पुढे बदलायची तर जाहीर सूचना, हरकती आणि शासनाची मंजुरी लागते. एका रात्रीत ती पुसता येत नाही.

'मग विकास थांबेल,' असे काही जण म्हणतील. दुरुस्ती थांबत नाही, दुकाने थांबत नाहीत. थांबते ती मनमानी. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. तरीही २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेस पाडले गेले. नियम असणे पुरेसे नाही, आपल्या वास्तू त्यात बसवून घ्याव्या लागतात.

तरुणांनो, आपापल्या गावाचा आराखडा मागवा, वाचा, मुदतीत लेखी हरकती द्या. शताब्दीला हार घालू, पण त्याआधी नोंद करून घेऊ.

जय भीम!