करड्याचा हिशेब

आजोबांचा एकुलता एक कृष्णधवल फोटो संगणकावरून छापून घ्यावा आणि चेहरा हिरवट यावा! खिडकीशी नेला की तोच जांभळट. सुरुवातीच्या इंकजेट प्रिंटरांचे हे दुखणेच होते. करडा रंग ते निळ्या, किरमिजी, पिवळ्या शाईंच्या मिश्रणातून साधत; उजेड बदलला की बिंग फुटे.

२००० च्या सुमारास अमेरिकेत जॉन कोन यांनी रंगीत शाई काढून तिच्या जागी करड्याच्याच फिक्या-गडद छटा भरल्या. मला ही युक्ती फार आवडते. २००५ मध्ये एप्सननेही एकाच प्रिंटरात तीन काळ्या छटा दिल्या. तरी कागद शाई आपल्या मर्जीने पितो. केस, टोपी, कोट सगळे एकाच काळोखात बुडतात. म्हणून पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत, बहुधा २१ पायऱ्यांची, पट्टी छापायची, प्रत्येक पायरीची घनता मोजायची आणि त्या हिशेबाने शाईचे प्रमाण बदलायचे.

हा हिशेब संगणकाच्या कितीतरी आधीचा. इंग्लंडमधील विडनेस गावी रसायनांच्या कारखान्यात काम करणाऱ्या हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी १८९० मध्येच, काचेवर किती प्रकाश पडला की किती काळेपणा उमटतो, याचा आलेख मांडला. मोजमापासाठी त्यांचा प्रकाश होता मेणबत्तीचा.