गुंफलेल्या आज्ञा

वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. परंतु अशी स्वतंत्र शाखा होती, हें इतिहासाला कळलें तें १९३९ सालीं येथें सांपडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटामुळें. त्यांत सर्वसेन या राजाचें नांव स्पष्ट कोरलेलें होतें. तें हातीं आल्यावर महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यांतील झिजलेला लेख पुन्हा अक्षर लावून तपासला, आणि पूर्वीच्या वाचनांत जेथें दुसरेंच नांव लागलें होतें तेथें सर्वसेनच आहे असें दाखविलें. एका नांवाच्या चुकीनें एक राजशाखा दृष्टिआड झाली होती! कोरलेला लेख खोडतां येत नाहीं. ओळीमागून ओळ लावून अर्थ नेमका कोठें अडतो तें ठिकाण धरणें, एवढेंच शोधकाच्या हातीं असतें.

श्रोतेहो, हीच विद्या आपल्या काळांत एका निराळ्या लेखाला लागू पडली आहे. विमान, मोटार, कपडे धुण्याचें यंत्र यांच्या पोटांत छोटा संगणक बसविलेला असतो. त्याला द्यावयाच्या आज्ञा अगदीं त्रोटक असतात: ही संख्या उचल, तींत ती मिळव, उत्तर शून्य आलें तर अमक्या ओळीवर जा. अशा आज्ञा जींत एकेक करून लिहितात ती असेंब्ली भाषा. आणि तींतील दोष हुडकणें म्हणजे डीबगिंग, शब्दशः किडा काढणें. आपल्या मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रंगस्वामी नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तयार झालेला ‘टिफ्रॅक’ १९६० सालीं कामाला लागला. त्याचें स्मरण अवघें २,०४८ शब्दांचें, म्हणजे संख्या ठेवण्याच्या तेवढ्याच जागांचें होतें. योगायोग असा, कीं चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांतील संगणकाचें पुसतां येण्याजोगें स्मरणही २,०४८ शब्दांचेंच होतें, जरी त्याचे शब्द बरेच आंखूड होते.

त्या यानांतील मुख्य आज्ञालेख मात्र पुसतां येत नसे. अमेरिकेंत वॉल्थम येथील कारखान्यांत स्त्रिया तो तारेनें अक्षरशः गुंफीत. तार चुंबकीय कड्यांतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. अशीं ३६,८६४ पदें. आपल्या वऱ्हाडांतील मंडळींना सूत आणि वीण नवीन नाहीं; एक धागा चुकला तर काय होतें तें त्यांना सांगावयास नको.

१९७१ च्या फेब्रुवारींत अपोलो १४ चें उतरणयान ‘अँटेरिस’ चंद्राभोंवतीं फिरत होतें. उतरण्यास कांहीं तासच उरले असतां पृथ्वीवरील निरीक्षकांना दिसलें, कीं उतरणें रद्द करण्याचें बटण कोणी दाबलेलें नसतां दाबल्याची खूण संगणकांत उमटत आहे. फळीवर टिचकी मारली कीं ती जाई, पुन्हा येई. बटणांत धातूचा कण फिरत असावा असा तर्क झाला. इंजिन पेटल्यावर ती खूण उमटली असती तर संगणकानें यानाला चंद्राकडे पाठ फिरवून परत कक्षेंत नेलें असतें.

केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथें डॉन आइल्स या तरुणानें या भागाच्या आज्ञा लिहिल्या होत्या. त्याच्यापुढें छापील आज्ञालेख होता आणि सुमारें दोन तास. बटण तपासण्याचा क्रम दर पाव सेकंदाला चाले. तपासणीची परवानगी देणारी एक खूण पुसतां येणाऱ्या स्मरणांत होती; ती काढून टाकली कीं काम झालें असें वाटे. पण इंजिन पेटतांच आज्ञालेख तीच खूण आपण होऊन पुन्हा लावी, आणि माणसाचीं बोटें ती काढीपर्यंत घात झाला असता. आइल्सनें ओळी पुन्हा वाचल्या. तपासणीच्या आरंभीं आणखी एक प्रश्न होता: परतीचा क्रम आधींच चालू आहे काय? असल्यास बटणाकडे पाहण्याचें कारणच नाहीं. तेव्हां चालू क्रमाचा आंकडा जेथें ठेवलेला असतो तेथें परतीच्या क्रमाचा ७१ हा आंकडा लिहावयाचा. म्हणजे संगणकाला चक्क खोटें सांगावयाचें!

मला या कथेंत सर्वांत मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. एका खोट्यानें दुसरीकडे काय बिघडतें, हेंही त्यानें त्याच कागदांवर शोधलें. इंजिनाचा जोर आपोआप वाढणार नव्हता. तो अॅलन शेपर्डनें हातानें वाढविला. मग एडगर मिचेलनें, आधीं वाचून दिलेल्या आंकड्यांप्रमाणें, कळा दाबून मार्गदर्शन सुरू केलें, परवानगीची खूण काढली आणि ७१ च्या जागीं मूळचा ६३ परत आणला. हें सर्व यान खालीं येत असतां. गुंफलेल्या लेखांतील एकही तार हलली नाहीं, आणि ५ फेब्रुवारीला अँटेरिस फ्रा मॉरो प्रदेशांत उतरलें.

तें बटण मात्र कोणालाही उघडून पाहतां आलें नाहीं. यानाच्या ज्या वरच्या भागांत तें होतें तो, अंतराळवीर मातृयानांत परतल्यावर, चंद्रावरच आपटविण्यांत आला.