उणे पाण्याचा दीपस्तंभ

मराठीत 'दीपस्तंभ' हा शब्द वास्तूपेक्षा माणसांच्याच वाट्याला अधिक आला आहे. गौरवग्रंथांत, शोकसभांत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत तो इतक्या सहजपणे उच्चारला जातो की खरा दीपस्तंभ कुणासाठी जळतो आणि काय सांगतो, हा प्रश्न मनात येईनासा झाला आहे. समुद्रावरचा दीपस्तंभ पुष्कळदा 'येथे खडक आहे, दूर राहा' एवढेच सांगत असतो. आपण ज्यांना दीपस्तंभ म्हणतो त्यांच्याकडे मात्र जायचे असते, त्यांच्या पायाशी बसायचे असते. रूपकात हा वेगळा अर्थ कोठून शिरला? मला वाटते, त्याचे उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर शोधण्यापेक्षा देशावर, देवळासमोरच्या दीपमाळेत शोधावे.

त्यासाठी माढ्याच्या परिसरासारखी जागा नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या या तालुक्यापासून समुद्र अडीचशे किलोमीटरांहून दूर आहे. माढ्याचा जुना किल्ला आणि माढेश्वरीचे देऊळ यांच्याशी निंबाळकर घराण्याचे नाव जोडलेले आहे. शेजारच्या करमाळ्यात निजामाचे सरदार असलेल्या रावरंभा निंबाळकरांच्या घराण्याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात कमलाभवानीचे भव्य देऊळ उभारले. तेथील खांबांची आणि विहिरीच्या पायऱ्यांची संख्या शहाण्णव असल्याचे सांगतात. पाहणाऱ्याची नजर मात्र प्रथम जाते ती तेथल्या तीन उंच दीपमाळांकडे. दीपमाळेची रचना साधी असते. खाली रुंद, वर निमुळता होत गेलेला दगडी स्तंभ आणि त्याच्या अंगातून चहूबाजूंनी बाहेर काढलेले दगडी हात. त्याच हातांवर पाय ठेवून माणूस वर चढतो आणि त्याच हातांवर पणत्या मांडत खाली उतरतो. त्रिपुरी पौर्णिमेला सारा स्तंभ उजळला की अंधारात दगड नाहीसा होतो आणि नुसती ज्योतींची उतरंड दिसत राहते. गोव्यात मंगेशीच्या देवळापुढचा सात मजली दीपस्तंभ हा याच कुळातला. हा दिवा वाट चुकलेल्यासाठी नाही. तो देवासाठी आहे आणि देवाच्या निमित्ताने एकत्र येणाऱ्या गावासाठी आहे. तेल गावाचे, कापूस गावाचा, चढणारा माणूस गावातला. 'या' असे म्हणणारा दिवा हाच. इंग्रजी अमदानीत समुद्रावरचे नवे मनोरे आले, तेव्हा त्यांच्यासाठी हाच जुना शब्द हाताशी होता. आपण वास्तू नवी घेतली, शब्द जुना ठेवला, आणि शब्दाबरोबर त्याचा जुना अर्थही मागच्या दाराने आत आला.

समुद्र नसलेल्या या मुलखात एक 'सागर' मात्र आहे. माढा तालुक्यात उजनी गावाजवळ भीमेवर बांधलेल्या धरणाच्या जलाशयाला यशवंतराव चव्हाणांच्या नावावरून 'यशवंतसागर' म्हणतात. धरणाचे काम १९६६ मध्ये सुरू झाले आणि १९८० मध्ये पूर्ण झाले. पुणे–सोलापूर महामार्गाने जाताना भीमानगरजवळ धरणाची लांबलचक भिंत दिसते. अडीच किलोमीटर लांबीची ती भिंत आणि तिचे एकेचाळीस दरवाजे पाहून माणूस थबकतो. भिंतीमागचे पाणी सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या तीन जिल्ह्यांत पसरले आहे. वारा सुटला की त्यावर समुद्रासारख्या लाटा उठतात. 'सागर' हे नाव म्हणूनच अगदीच अतिशयोक्त वाटत नाही.

या पाण्याची आस या जिल्ह्याला फार जुनी. सोलापूर हा पर्जन्यछायेतला प्रदेश. इंग्रजांनी सोलापूरजवळ आदिला नदीवर बांधलेला एकरूखचा तलाव १८७१ मध्ये पुरा झाला. पुढे १८७६–७७ च्या भीषण दुष्काळात आष्टीच्या तलावावर दुष्काळी काम निघाले. आज मोहोळ तालुक्यात असलेली ही आष्टी त्या काळी माढा तालुक्यात मोडत असे. उपाशी माणसांनी माती वाहून तळे बांधायचे आणि त्या तळ्याने पुढच्या पिढ्यांची उपासमार टाळायची, असा तो करुण हिशेब होता. उजनी हे त्याच हिशेबाचे स्वतंत्र भारतातले, कितीतरी मोठे रूप. त्याने माढ्याच्या माळांवर ऊस उभा केला, सोलापूर शहराला पिण्याचे पाणी दिले, पंढरपूरच्या वाळवंटाला वारीच्या वेळी चंद्रभागा दिली. हे सारे मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे. धरणाने काय बुडवले हे सांगताना त्याने काय तारले हे विसरणे, हाही इतिहासाशी केलेला अन्यायच ठरेल.

मात्र पाणी साठले ते रिकाम्या जमिनीवर नव्हे. भीमेच्या दोन्ही तीरांवरची काळी जमीन, तिच्यावरची गावे, घाट, देवळे, वाडे, इतकेच काय रेल्वेचा मार्गही पाण्याखाली जाणार होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पुण्याहून निघालेली वाट डिसेंबर १८५८ मध्ये डिकसळपर्यंत पोहोचली. पुढे भीमा ओलांडून ती १८५९ मध्ये बार्शी रोडला, म्हणजे आजच्या माढा तालुक्यातल्या कुर्डुवाडीला, आणि १८६० मध्ये सोलापूरला गेली. धरणासाठी हा मार्ग हलवावा लागला. डिकसळचा दगडी रेल्वेपूल तेवढा रुळांवाचून मागे राहिला आणि काठाकाठाची वाहने त्यावरून जाऊ लागली. माणसांचे स्थलांतर रुळांइतके सोपे नव्हते. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा पहिला कायदा १९७६ सालचा, म्हणजे उजनीचे काम सुरू होऊन दहा वर्षे उलटल्यानंतरचा. उठलेल्या गावांच्या नावांना जुने, नवे, क्रमांक एक, क्रमांक दोन अशी शेपटे लागली. केत्तूर क्रमांक दोन हे नाव टपालाच्या पत्त्यावर लिहिताना लिहिणाऱ्याला काही वाटत नसेल. पण एका गावाचे दोन क्रमांक होतात तेव्हा मध्ये काय घडलेले असते, याचा तो सर्वांत संक्षिप्त इतिहास आहे.

या जलाशयाच्या काठी दीपस्तंभ म्हणावा असा एकच मनोरा आहे आणि त्यावर दिवा नाही. इंदापूर तालुक्यातल्या जुन्या पळसदेव गावचे ते पळसनाथाचे देऊळ. नवे पळसदेव महामार्गालगत वसले, देवाचीही नव्या देवळात स्थापना झाली. जुने देऊळ जागच्या जागी राहिले. धरण भरलेले असते तेव्हा त्याचा मोठा भाग पाण्यात असतो. उन्हाळ्यात पाणी ओसरू लागते तसतसे आधी शिखर, मग मंडपाचे छत, मग खांब असे ते वरून खाली उलगडत जाते. दगडाच्या अंगावर विटांचे, भूमिज घाटाचे शिखर आहे. लहान लहान शिखरांच्या प्रतिकृतींच्या उभ्या माळा एकावर एक रचत नेलेले हे शिखर दुरून एखाद्या दीपमाळेसारखेच भासते. दीपमाळेचे दगडी हात आणि या शिखराचे थर यांच्यात दृष्टीला जाणवणारे हे साम्य वास्तुशास्त्राच्या कसोटीवर कदाचित टिकणार नाही. पण तळपत्या दुपारी गाळाच्या मैदानातून त्या दिशेने चालू लागले की ते मनातून जात नाही.

वाट सोपी नसते. वरून सुकलेला, भेगाळलेला आणि आत पाय रुतवणारा गाळ, त्यात विखुरलेले शिंपले, कोठे मासेमारांच्या जाळ्यांचे तुकडे, कोठे ओसरत्या पाण्यामागोमाग केलेले गाळपेर जमिनीतले पीक. देवळाच्या आसपास वीरगळ आणि सतीशिळा पडलेल्या आहेत. वीरगळ वाचायचा तो खालून वर. तळाच्या चौकटीत युद्ध आणि पडलेला वीर, त्यावर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. सतीशिळेवर कोपरात वळलेला बांगड्यांचा हात आणि पुन्हा तेच चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेतो ही आठवण राहो, असा त्या खुणेचा अर्थ. ज्यांनी तो कोरला त्यांना एवढेच माहीत होते की माणसाचा दिवा विझतो आणि आकाशातले दोन दिवे विझत नाहीत. आपली शिळा वर्षातून कित्येक महिने पाण्याखाली जाईल आणि तिच्यावर कोरलेल्या सूर्यापर्यंत खरा सूर्य पोहोचणार नाही, ही शक्यता त्यांच्या कल्पनेत असणे शक्य नव्हते.

हौशी छायाचित्रकारांना येथे 'पाण्यातून प्रकटलेले मंदिर' दिसते. एखादा मावळतीचा सूर्य, शिखराची आकृती, उडणारे पक्षी. छायाचित्र देखणे होते, पण त्यात परिसर नसतो. आणि परिसराशिवाय या वास्तूला अर्थ नाही. देऊळ आहे म्हणजे देवळाकडे येणारी वाट होती, वाटेवर घरे होती, नदीकडे उतरणारी पायवाट होती, कुणाचा तरी रोजचा पूजेचा पाळा होता. प्रेक्षक जेथे भग्न सौंदर्य पाहतो तेथे विस्थापित म्हातारा आपल्या घराचे जोते शोधतो. दोघांच्या पायाखाली एकच गाळ असतो. इतिहासलेखनाला यांतल्या कोणाच्या नजरेने पाहायचे, हे ठरवावेच लागते.

आता या मनोऱ्याचे दीपस्तंभ म्हणून काम काय, ते पाहू. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट आहे. त्यांपैकी त्रेसष्टहून अधिक टीएमसी हा 'मृत साठा' आणि त्रेपन्नहून अधिक 'उपयुक्त साठा'. वर्तमानपत्रात छापून येणारी टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते. म्हणून धरण शून्य टक्के झाले असे वाचतो तेव्हा निम्म्याहून अधिक पाणी शिल्लक असते. त्याखाली उतरले की आकडा 'उणे' होतो. हा शब्द सोलापूर जिल्ह्यात पाहुण्यांशी बोलतानासुद्धा सहज येतो. 'उजनी उणे वीस आहे' म्हणजे काय, ते येथे शाळकरी पोरालाही कळते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली. म्हणजे जलाशयात साधारण एकतीस-बत्तीस टीएमसी पाणी उरले. त्या वर्षी पळसनाथाचे देऊळ पायापर्यंत मोकळे झाले होते आणि गर्दी लोटली होती.

समुद्रावरच्या दीपस्तंभाचा नियम येथे पुरता फिरला आहे. तो मनोरा जितका स्पष्ट दिसेल तितके खलाशाला हायसे वाटते. पळसनाथ जितका स्पष्ट दिसेल तितके काठावरच्या शेतकऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. शिखर दिसले तर विहिरीचे पाणी मोजून वापरायचे, मंडप दिसला तर उसाचे नवे पाणी विसरायचे, पायऱ्या दिसल्या तर टँकरची वाट पाहायची, असे या मनोऱ्याचे संकेत बांधता येतील. दिवा नसूनही तो इशारा देतो आणि तो इशारा खडकाचा नसून रिकामेपणाचा असतो. ते जोते शोधणाऱ्या म्हाताऱ्याची कोंडी याहून बिकट. त्याला आपले गाव डोळ्यांनी पाहायचे असेल तर जिल्ह्यावर दुष्काळ यावा लागतो. त्याच्या भेटीची किंमत त्याच्याच नव्या शेताला मोजावी लागते.

आणि खऱ्याखुऱ्या दिव्याचे काय? २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी अचानक उठलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. एक जण पोहून काठाला लागला. पळसनाथ पाहायला माणसे गाळ तुडवत होती तो हाच महिना, हेच पाणी. ही होडी काही सहलीची नव्हती. जलाशयाने दोन तीरांमधली जुनी जवळीक तोडली, तेव्हापासून वळसा टाळण्यासाठी माणसे होडीने पलीकडे जात आली आहेत. समुद्रावरच्या दिव्यांसाठी आपल्याकडे १९२७ पासून स्वतंत्र कायदा होता, २०२१ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांच्या काठी तर शेकडो दीपस्तंभ उभे राहिले, कारण तेथे तळे हा रहदारीचा रस्ता मानला गेला. आपण तळ्याला सागर म्हटले आणि ते साठा म्हणून मोजले. साठ्याला दरवाजे लागतात, मोजपट्टी लागते. त्यावरून कुणी घरी जात असेल, हे मोजपट्टीला दिसत नाही.

दीपस्तंभ या शब्दाकडे पुन्हा पाहताना म्हणूनच सावध व्हावेसे वाटते. थोरांना ही उपमा देताना आपण त्यांच्या उंचीचा विचार करतो. दीपमाळेची उंची मात्र तिच्या हातांमुळे उपयोगी ठरते. तेल घालणारे गाव उठून गेले की उरतो तो नुसता दगड. पळसनाथाचे शिखर उंच आहे, सुंदर आहे, आणि त्याच्या पायाशी पणती लावणारी वस्ती तेथे नाही. ती वस्ती नव्या पळसदेवात आहे, केत्तूर क्रमांक दोनमध्ये आहे, भीमेच्या काठाकाठाने विखुरलेल्या पुनर्वसित गावठाणांत आहे. तेथे ज्या बायका-पुरुषांना जुन्या गावच्या गल्ल्या, घाट आणि जत्रा अजून आठवतात, त्यांचे वय आता साठीच्या पुढे आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने या परिसराला भेट द्यावी ती उन्हाळ्याची वाट न पाहता, भर पावसाळ्यानंतर, धरण काठोकाठ असताना. तेव्हा देवळाचे फारसे काही दिसणार नाही. पण सुगी बरी असेल, माणसे निवांत असतील आणि पाण्याखाली काय काय आहे हे ती ओसरीवर बसून सांगू शकतील.